वैनगंगेचा शेजारधर्म

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशातील भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. तोपर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच घरातले होते. १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला तोच मुळी भंडारा, सिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून; आणि पुढे दीर्घकाळ त्याचा कारभार नागपूर विभागातून चालला. लांजी, किरणापूर, वारासिवनी, कटंगी या भागांतील अनेक कुटुंबांचे सोयरसंबंध आजही गोंदिया-भंडाऱ्याकडे आहेत. पवारी बोली सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच बोलली जाते, धानाची रोवणी एकाच नक्षत्रावर होते. नवी रेषा कचेऱ्यांनी मानली, दप्तरांनी मानली, कालांतराने माणसांनीही मानली. वैनगंगेने मात्र ती मानली नाही, आणि मानणे तिला शक्यही नव्हते.

ही नदी सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. सातपुड्याच्या पठारावर एक मोठे वळण घेऊन ती बालाघाटच्या सखल भागात उतरते, बालाघाट शहराच्या कडेने दक्षिणेकडे वाहते आणि पुढे महाराष्ट्रात शिरते. वाटेत तिला बाघ मिळते, बावनथडी मिळते. भंडाऱ्याच्या खाली आंभोऱ्याजवळ पेंचचे पाणी घेऊन आलेली कन्हान मिळते. त्यानंतर पवनी, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली असा प्रवास करून ती वर्धा नदीशी एकरूप होते. तेथून तिचे नाव प्राणहिता. सिरोंचापाशी प्राणहिता गोदावरीत मिसळते. या लांब वाटेवर बालाघाटचे स्थान अर्थपूर्ण आहे. सिवनी जिल्ह्यातील भीमगडच्या धरणाच्या दृष्टीने बालाघाट खालचे गाव आहे. गोंदिया आणि भंडारा यांच्या दृष्टीने तेच बालाघाट वरचे गाव आहे. वरून येणाऱ्या पाण्याची भीती त्याला आहे, आणि आपल्याकडून पुढे जाणाऱ्या पाण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. नैसर्गिक आपत्तीला समाजाने एकत्र येऊन तोंड कसे द्यावे, हा प्रश्न या जिल्ह्याच्या उदाहरणावरून जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल.

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्याचे अखेरचे दिवस या खोऱ्यातील लोक विसरलेले नाहीत. सातपुड्याच्या माथ्यावर अतिवृष्टी झाली. पावसाळा सरत आला असल्यामुळे जलाशयांत आधीच पुष्कळ पाणी साठलेले होते. भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सोडणे भाग पडले. बालाघाट जिल्ह्यात वैनगंगा पात्र सोडून शेतांत आणि वस्त्यांत शिरली. पुढे गोंदिया जिल्ह्याचा नदीकाठ बुडाला, भंडारा शहराच्या अनेक भागांत पाणी भरले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी-वडसा भागातील कित्येक गावांचा जगाशी संबंध तुटला. ते वर्ष करोनाच्या साथीचे होते. माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे असे डॉक्टर सांगत होते, आणि पुरामुळे माणसांना एकाच छपराखाली दाटीने बसावे लागत होते. पाणी ओसरल्यावर जी चर्चा झाली तिच्यात पावसाइतकाच दुसरा एक विषय वारंवार निघाला. वरच्या राज्याने किती पाणी सोडले, केव्हा सोडले, ते खालच्या राज्याला केव्हा कळले आणि खालच्या राज्याच्या कचेरीला कळलेले नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत केव्हा पोहोचले, असा तो विषय होता.

या प्रश्नातच आपत्तीचे खरे स्वरूप दडलेले आहे. अतिवृष्टी ही निसर्गाची घटना होय. ती टाळणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु त्या पावसामुळे किती माणसे दगावतील, किती गुरे वाहून जातील, किती घरांतील बियाणे भिजेल, हे केवळ पावसावर ठरत नाही. ते माणसांच्या व्यवस्थेवर ठरते. एकाच उंचीचे पाणी एका गावात केवळ चिखल ठेवून जाते आणि दुसऱ्या गावात सुतक ठेवून जाते. त्या दोन गावांतला फरक नदीने केलेला नसतो.

मोठी धरणे झाली की पूर थांबतात, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती अर्धसत्य आहे. धरणाकडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा असते. सिंचनासाठी ते भरलेले हवे. पूर अडविण्यासाठी ते रिकामे हवे. जून-जुलैमध्ये हा विरोध जाणवत नाही, कारण जलाशयात जागा असते आणि आलेला लोंढा त्यात सामावतो. ऑगस्टच्या अखेरीस स्थिती पालटते. रब्बीच्या पाण्याची तजवीज म्हणून जलाशय बहुतेक भरलेला असतो आणि नेमके त्याच वेळी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर येऊन ठाकतो. मग आलेले पाणी जवळजवळ तसेच खाली सोडण्यावाचून धरणाच्या अधिकाऱ्याला गत्यंतर राहत नाही. कारण मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देणे म्हणजे सर्वनाशाला आमंत्रण देणे होय. त्यात धरणाच्या खाली नदीला मिळणारे अनेक नाले आणि उपनद्या यांवर कोणाचेच नियंत्रण नसते. दोन्हींचे पाणी एका वेळी एकत्र आले म्हणजे महापूर येतो. खालच्या गावात त्या दिवशी ऊन पडलेले असले तरीही तो येतो, आणि त्यामुळेच तो अधिक फसवा असतो.

येथे वरच्या आणि खालच्या गावांचे हितसंबंध खरोखरच भिन्न आहेत, ही गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. भंडाऱ्याच्या नदीकाठच्या रहिवाशाला वाटते की ऑगस्टच्या मध्यालाच धरण थोडे रिते करून ठेवावे. सिवनी-बालाघाटच्या शेतकऱ्याला वाटते की हे पाणी सोडले आणि पुढे पाऊस आलाच नाही तर आपल्या पिकाचे काय? दोघांचीही चिंता यथार्थ आहे. बालाघाट हा मध्यप्रदेशातील भाताचा प्रमुख जिल्हा. येथील चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वैनगंगेवर ढुटी येथे बांध घालून कालवे काढले गेले ते याच धानाकरिता. अशा प्रदेशाला पाणी सोडून द्या असे सांगणे सोपे नाही. म्हणून सहकार म्हणजे नुसता सद्भाव नव्हे. सहकार म्हणजे तोटा वाटून घेण्याचा आगाऊ करार. कोणत्या तारखेला जलाशय किती भरावा, हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिल्यास किती पाणी आधी सोडावे, हे पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंनी बसून ठरविले आणि ते गावोगाव जाहीर केले, म्हणजे ऐन रात्री एकट्या अभियंत्याच्या शिरावर तो निर्णय पडत नाही, आणि सकाळी कोणी कोणाला दोष देत नाही.

या संदर्भात निसर्गाने खालच्या गावाला एक मोठी सवलत दिली आहे. पाणी चालत येते. निरोप मात्र क्षणात पोहोचतो. धरणातून सुटलेला लोंढा वळणे घेत, पात्र भरत, शेतांत पसरत खाली सरकतो. वरच्या धरणापासून भंडाऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला बरेच तास लागतात, आणि गडचिरोलीपर्यंत त्याहून कितीतरी अधिक. तेवढ्या अवधीत माणसे, गुरे, धान्य, औषधे आणि सातबाऱ्याचे कागद सुखरूप हलविता येतात. मात्र तो अवधी कामी येण्यासाठी निरोप वेळेवर निघाला पाहिजे. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे या खोऱ्यात आहेत. सिवनी जिल्ह्यात केवलारी, बालाघाट जिल्ह्यात कुम्हारी, बाघ नदीवर रजेगाव, खाली पवनी आणि आष्टी येथे पाण्याची उंची नोंदली जाते. म्हणजे ज्ञानाची साधने नाहीत असे नाही. उणीव आहे ती त्या आकड्यांना अर्थ देण्याची. कुम्हारीला पाणी अमुक मीटर झाले, हे ऐकून गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याला काहीच बोध होत नाही. आज रात्री पाणी शाळेच्या पायरीपर्यंत येईल, असे सांगितले तर तो तत्काळ उठतो. प्रत्येक नदीकाठच्या गावाने मागील पुरांच्या खुणा देवळाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर रंगवून ठेवल्या आणि त्या खुणांची सांगड वरच्या केंद्राच्या आकड्याशी घातली, तर गावातला शाळकरी मुलगाही पुराचे भाकीत समजू शकेल. हे काम तज्ज्ञांना एकट्याने करता येणार नाही, कारण पाणी कोठवर आले होते हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. आणि गावालाही ते एकट्याने करता येणार नाही, कारण आकडे तज्ज्ञांपाशी असतात.

युरोपातील ऱ्हाइन नदीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ही नदी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स अशा देशांतून वाहते. त्यांच्यात शतकानुशतके युद्धे झाली. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, या देशांनी ऱ्हाइनच्या रक्षणासाठी एक संयुक्त आयोग स्थापन केला. आरंभी त्याचा विषय प्रदूषणाचा होता. परंतु १९९३ आणि १९९५ च्या महापुरांनंतर १९९८ साली त्याच आयोगाने पुरासंबंधीचा संयुक्त कार्यक्रम आखला. त्यात पूर्वसूचनेचा अवधी वाढविणे आणि नदीला पसरण्यासाठी वरच्या भागातच मोकळी जागा राखून ठेवणे, हे दोन मुद्दे प्रमुख होते. खालच्या देशाचा पूर कमी व्हावा म्हणून वरच्या देशाने आपली जमीन बाजूला ठेवायची, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण कालच्या शत्रूंनी ती स्वीकारली. बालाघाट आणि भंडारा यांच्यात तर वैराचा लवलेशही नाही. केवळ एका प्रशासकीय रेषेचे अंतर आहे.

आपल्या देशातही या दिशेने विचार झाला नव्हता असे नाही. ज्या १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या त्याच वर्षी संसदेने नदी मंडळ अधिनियम संमत केला. एका नदीवरील राज्यांनी एकत्र बसून पाणी, पूर आणि भूसंरक्षण यांचा विचार करावा, हा त्याचा हेतू. त्या अधिनियमाखाली आजवर एकही मंडळ प्रत्यक्षात आलेले नाही. तथापि बालाघाट आणि जुना भंडारा यांना एकत्र काम करण्याची सवय अजिबात नाही, असेही म्हणता येणार नाही. बाघ नदीवरील प्रकल्प आणि बावनथडीवरील राजीव सागर ही दोन्ही आंतरराज्य कामे आहेत. त्यांच्या पाण्याची वाटणी दोन्ही राज्यांनी ठरवून घेतली आहे. उन्हाळ्यात पाणी वाटून घेणारे शेजारी पावसाळ्यात माहिती वाटून घेऊ शकणार नाहीत, असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. वैनगंगेवर महाराष्ट्र खालचा आहे. कृष्णेवर तो वरचा आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत महापूर आला तेव्हा कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाण्याच्या फुगवट्याबद्दल वाद झाला. कोयनेतून आणि वारणेतून सुटणाऱ्या पाण्याची सूचना तिकडील लोकांनाही हवी असते, आणि २०२१ च्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या जबाबदार मंडळींनी भेटून समन्वयाची बोलणी केली. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचापाशी तेलंगणाशी हाच संबंध येतो. म्हणजे एका ठिकाणी जो तक्रारदार तोच दुसऱ्या ठिकाणी प्रतिवादी. हे ओळखले म्हणजे शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा मोह आपोआप कमी होतो, आणि आपण वरच्याकडून जे मागतो ते खालच्याला देतो काय, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःला विचारावा लागतो.

राज्याराज्यांतला समन्वय झाला तरी काम निम्मेच झाले, असे समजले पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देशात, राज्यात आणि जिल्ह्यात प्राधिकरणे स्थापन झाली. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते आणि लोकनियुक्त जिल्हा परिषदेचा प्रमुख त्यात सहअध्यक्ष असतो. नागपूर आणि धुळे येथे महाराष्ट्राची राज्य आपत्ती प्रतिसाद दले आहेत. केंद्राचे दलही आहे. परंतु ही दले कितीही तत्पर असली तरी त्यांना येण्यास वेळ लागतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहरात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. जपानसारख्या सुसज्ज देशात ही स्थिती, तर बैहरच्या पठारावरील अथवा वैनगंगेच्या काठावरील खेड्यात पहिला मदतनीस शेजारीच असणार, हे सांगावयास नको.

शेजारी मदतीला धावतोच, पण त्याला काय करावे हे ठाऊक असेल तर तो अधिक उपयोगी पडतो. ओडिशाने हे सिद्ध करून दाखविले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुःखातून राज्याने धडा घेतला. किनाऱ्यावर निवारे बांधले. गावोगाव समित्या नेमून इशारा देणारे, माणसे हलविणारे, प्रथमोपचार करणारे, अन्न शिजविणारे असे गट ठरवून दिले. आणि दरवर्षी त्यांचा सराव घेतला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलीन हे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच सुरक्षित स्थळी गेले होते आणि मृतांची संख्या ५० च्या आत राहिली. समुद्र तोच होता, वारा तसाच होता; बदलली होती ती गावांची तयारी.

बालाघाटच्या आणि त्याला लागून असलेल्या महाराष्ट्राच्या खेड्यांत अशा तयारीची सामग्री फार जुनी आहे. गावात कोतवाल आहे. मोबाईलचे मनोरे वीज गेल्यावर मुके होतात, पण दवंडीला वीज लागत नाही. नदीकाठी ढीमर समाजाची वस्ती आहे. पाण्याचा वेग, भोवरे आणि उतार यांचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला असणार? त्यांचे डोंगे पावसाळ्यापूर्वी डागडुजी करून ठेवणे आणि त्या श्रमाचा योग्य मोबदला ग्रामपंचायतीने देणे, ही खर्चाची नव्हे तर शहाणपणाची बाब आहे. गावात शाळा आहे, ती बहुधा उंचावर असते. महिलांचे बचत गट आहेत. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, कोणाच्या घरी कर्ता पुरुष कामासाठी नागपूरला गेलेला आहे, ही माहिती तहसील कचेरीच्या यादीत नसते. ती या बायांना तोंडपाठ असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरदुरुस्तीच्या कामासाठी गावोगाव स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले होते. शासन आणि गाव यांच्यातला दुवा त्या बनल्या, आणि आपत्तीच्या कामात स्त्रियांचे स्थान केवळ मदत घेणाऱ्यांचे नाही हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ पासून आपदा मित्र या नावाने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला आहे. अशा शिकलेल्या तरुणांना कोतवाल, ढीमर आणि बचत गट यांची जोड मिळाली तर गावाचे स्वतःचे दल तयार होईल.

भाषेचाही विचार याच ठिकाणी करावा लागतो. बालाघाट जिल्ह्यात हिंदी राजभाषा असली तरी घराघरांत मराठी, पवारी आणि गोंडी बोलल्या जातात. जीव वाचविणारा निरोप ऐकणाऱ्याच्या घरच्या भाषेत असला पाहिजे. जलाशयातून विसर्ग वाढविण्यात येत असल्याने नागरिकांनी सतर्क राहावे, हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असेल; पण नदीकाठच्या गोंड म्हातारीला ते काहीच सांगत नाही. गुरे सोडा, टेकडीवर चला, एवढे चार शब्द तिच्या बोलीत ऐकू आले तर ती निघेल. त्यातही गुरे सोडा हे शब्द प्रथम हवेत. आपली बैलजोडी दावणीला बांधलेली असताना शेतकरी घर सोडत नाही. म्हणून माणसांच्या निवाऱ्याबरोबर गुरांना उभे राहण्याची उंच जागा आधी ठरविली नाही तर उत्तम इशाराही वाया जातो.

ज्यांना हे सर्व नवे आणि परके वाटेल त्यांनी या खोऱ्यातील तलावांकडे पाहावे. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट या प्रदेशात शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी हजारो लहानमोठे तलाव आणि बोड्या खोदल्या. नवेगावबांधसारख्या तलावाच्या निर्मितीशी कोहळी समाजाचे नाव परंपरेने जोडले जाते. पवार शेतकऱ्यांनीही धानासाठी बांधबंदिस्तीची मोठी कामे केली. वरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्यातून खालच्या तलावात आणि तेथून बांध्यांमध्ये उतरावे, अशी पुष्कळ ठिकाणी रचना असे. त्यामुळे मुसळधार पावसाचा पहिला जोर तलाव झेलत आणि पाऊस ओढ देई तेव्हा तेच तलाव पिकाला जगवीत. वरच्या तलावाची पाळ फुटली तर खालचा तलावही फुटणार, हे सर्वांना ठाऊक असल्याने पाळीची निगा राखणे हे सर्वांचेच काम असे. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आली. तिच्यातील जुलूम संपला हे उचितच झाले. परंतु मालगुजारी तलाव शासनाकडे गेले आणि पुष्कळ ठिकाणी पाळ, सांडवा, मोरी यांची निगा राखण्याची गावाची सवयही त्याबरोबर गेली. गाळ साचला, धारणशक्ती घटली. आज या तलावांतील गाळ काढणे म्हणजे अवर्षण आणि पूर या दोन्ही शत्रूंविरुद्ध एकाच वेळी तटबंदी उभारणे होय.

अवर्षणाची आठवण या जिल्ह्याला करून देणे अनाठायी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाने बालाघाटची फार मोठी हानी केली, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १९०१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. आधीच्या दहा वर्षांच्या मानाने ती सुमारे १५ टक्क्यांनी घटली होती. पाण्याने आणि पाण्याच्या अभावाने, अशा दोन्ही प्रकारांनी येथे माणसे मेली आहेत.

पूर आणि दुष्काळ यांखेरीज आणखी दोन संकटे या अरण्यमय जिल्ह्यात दरवर्षी येतात. पहिले वीज पडण्याचे. विजेने होणाऱ्या मृत्यूंत मध्यप्रदेशाचा क्रमांक देशात नेहमीच वरचा असतो. रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांधीत वाकून काम करणाऱ्या मजुरांना आणि झाडाखाली आश्रय घेणाऱ्या गुराख्यांना तिचा विशेष धोका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सिद्ध केलेले दामिनी हे मोबाईलवरील साधन जवळपास वीज पडण्याची सूचना देते. प्रत्येक मजुराजवळ ते असणे शक्य नाही. पण रोवणीच्या प्रत्येक टोळीत एकाजवळ ते असावे आणि त्याने हाक दिली की सर्वांनी बांधीबाहेर पडून पक्क्या घराकडे जावे, एवढा नियम टोळीने स्वतःच करावयाचा आहे. दुसरे संकट वणव्याचे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि ती ठिणगी जंगलात पसरते. उपग्रहावरून आगीची सूचना वनखात्याला मिळते. परंतु ठिणगी पडू न देणे हे मोहफुले वेचणाऱ्याच्याच हाती असते. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून गोळा करणे आणि तोडलेल्या पट्ट्यांवर पाळी लावून राखण करणे, हे वनसमितीने आणि वनरक्षकाने मिळून ठरविले तरच साधते. दोन्ही ठिकाणी सूचना वरून येते आणि बचाव खालून होतो, हाच नियम दिसतो.

सारांश, आपत्तीच्या दिवशी जे सामर्थ्य प्रकट होते ते त्या दिवशी निर्माण झालेले नसते. ते कोरड्या दिवसांत, चैत्र-वैशाखात, कोणतेही संकट समोर नसताना साठवावे लागते. सिवनी, बालाघाट, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी दरवर्षी मे महिन्यात एकत्र बसावे. जलाशयांचे वेळापत्रक ठरवावे आणि दोन्ही भाषांत छापावे. निरोप देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावे गावनिहाय निश्चित व्हावीत, कारण खात्याला दिलेला निरोप टेबलावर पडून राहतो, पण नाव असलेल्या माणसाला दिलेला निरोप चालू लागतो. बाघ नदीच्या अलीकडच्या गावाचा कोतवाल आणि पलीकडच्या गावाचा कोतवाल यांची एकमेकांशी ओळख असावी. एकदा तरी, ऊन असताना, गावाने पुराचे सोंग आणून टेकडीपर्यंत चालून पाहावे. वाटेत पांदण काट्यांनी बुजलेली आहे हे तेव्हाच कळेल.

यांपैकी कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही. लागते ती एक जुनी समजूत, जी तलाव बांधणाऱ्यांना होती: आपल्या पाळीखाली दुसऱ्याचे शेत आहे. पुढच्या पावसाळ्यात भीमगडचे दरवाजे पुन्हा उघडावे लागतील, बाघ पुन्हा फुगेल आणि वैनगंगा रात्रीच्या अंधारात त्या रेषेवरून पुन्हा जाईल. तिच्या आधी निरोप गेला असेल तर सकाळी पलीकडच्या काठावरची माणसे टेकडीवर उभी राहून पाणी उतरण्याची वाट पाहत असतील.